मेंदू सरावतो, मोठे आतडे नाही

घरातले एखादे माणूस कर्करोगाने अंथरुणाला खिळले आणि डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, की त्या घरातले वातावरणच बदलते. भेटायला आलेली मंडळी आवाज खाली आणून विचारतात, ‘आता मॉर्फिनवर ठेवलंय का?’ जणू ती गोळी म्हणजे निरोपाची चिठ्ठीच! घरच्यांच्या मनात दोन धास्ती असतात. त्यांतली एक बोलून दाखवली जाते : याची सवय लागेल, व्यसन लागेल. दुसरी बोलायला संकोच वाटतो, कारण ती शौचाशी संबंधित असते. चार-चार, पाच-पाच दिवस पोट साफ होत नाही. पोट फुगते, अन्नावरची वासना उडते, मळमळते. अखेर रुग्ण स्वतःच म्हणतो, ‘दुखलं तर दुखू दे, पण ती गोळी नको.’ आणि त्याचे हाल पाहवत नाहीत म्हणून घरचेही मान डोलावतात.

वेदना सोसायची की तुंबलेले पोट, अशी निवड करण्याची वेळ खरे तर कोणावरही येऊ नये. ती येते याचे मोठे कारण अज्ञान हे आहे. ‘नवीन औषध आहे, थोड्या दिवसांत शरीर सरावेल, पोटही आपोआप ठीक होईल,’ असे आपण गृहीत धरतो. क्वचित दवाखान्यातूनही तसेच सांगितले जाते. शरीर सरावते हे खरे आहे. पण सगळे शरीर एकाच वेगाने सरावत नाही, आणि मोठे आतडे तर जवळजवळ सरावतच नाही. हे असे का होते, याचा शोध शास्त्रज्ञांनी गेल्या शतकभरात कसा घेतला, ही कहाणी मोठी उद्बोधक आहे. तिच्यातून निघणारा धडा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे.

अफूचे दोन गुण माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. ती दुखणे थांबवते आणि जुलाबही थांबवते. आयुर्वेदात तिला अहिफेन म्हणतात, आणि अतिसारावर दिल्या जाणाऱ्या कर्पूररसात ती असते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका एकेकाळी तान्ह्या मुलांना अफू घातलेली ‘बाळागोळी’ चारून निजवत असत. ‘अफूची गोळी देणे’ हा वाक्प्रचार आपण अजूनही वापरतो. १८०५ च्या सुमारास फ्रीडरिश सर्ट्युर्नर या जर्मन तरुणाने औषधाच्या दुकानात उमेदवारी करीत असताना अफूतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फियसवरून, त्याला मॉर्फिन हे नाव मिळाले. झोप आणि स्वप्न यांच्याशी जोडलेल्या या नावामुळे मॉर्फिनचा सारा कारभार डोक्यातच चालतो, अशी कोणाचीही समजूत व्हावी. पण डोक्यात काम करणारे औषध पोट का बंद करते?

याचे उत्तर आतड्यात आहे. आपले आतडे ही नुसती नळी नाही. तिच्या भिंतीच्या थरांमध्ये मज्जापेशींचे दाट जाळे पसरलेले असते. लिओपोल्ड आउअरबाख आणि गेओर्ग माइसनर या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात अशी दोन जाळी दाखवून दिली, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. या मज्जापेशींची संख्या दहा कोटींहून अधिक भरते. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज जोडीने प्रयोगाने दाखवले, की बाहेरून आतड्याकडे येणारे मज्जातंतू तोडले तरी आतडे अन्नाचा घास पुढे ढकलतच राहते. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा भाग सैलावतो आणि लाट पुढे सरकते. मेंदूकडून हुकूम येण्याची वाट आतडे पाहत नाही. घरातल्या स्वयंपाकघरासारखा त्याचा कारभार बराचसा स्वतंत्र असतो.

हे कळल्यावर शास्त्रज्ञांना एक सोय झाली. गिनीपिग या लहानशा प्राण्याच्या लहान आतड्याचा तुकडा क्षारयुक्त कोमट द्रावणात ठेवला, त्याला प्राणवायू दिला, तर तो कितीतरी तास जिवंत राहतो आणि आकुंचन पावत राहतो. १९५७ मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ विल्यम पेटन यांनी अशा तुकड्याला विजेचे हलके झटके दिले. प्रत्येक झटक्याला तुकडा आवळत असे. द्रावणात थोडेसे मॉर्फिन टाकताच ते आवळणे मंदावले. आतड्याच्या स्नायूला मात्र काहीही झालेले नव्हते. स्नायूला ‘आवळ’ असे सांगणारे अॅसिटिलकोलिन हे द्रव्य मज्जापेशींच्या टोकातून पुरेसे बाहेर पडत नव्हते. म्हणजे मॉर्फिनने निरोप्यालाच अडवून धरले होते, आणि तेसुद्धा जिथे मेंदूचा मागमूस नाही अशा काचेच्या भांड्यात!

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मॉर्फिनसारखी द्रव्ये ज्या ठिकाणी जाऊन बसतात ती ठिकाणे प्रयोगाने दाखवून दिली. पेशीवरच्या या कुलपांत मॉर्फिनची किल्ली नेमकी बसते. ही कुलपे मेंदूत सापडली, तशीच गिनीपिगच्या आतड्यातही सापडली. शरीरात जन्मतःच अफूसाठी कुलूप कशाला असेल, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी त्याचे उत्तर दिले : शरीर स्वतःच मॉर्फिनसारखी द्रव्ये तयार करते. त्यांनी शोधलेल्या द्रव्यांना ‘एन्केफॅलिन’ म्हणतात. त्यांची पारख करण्यासाठी कोस्टरलिट्झ यांच्या प्रयोगशाळेत वापरात असलेल्या साधनांपैकी एक होते गिनीपिगचे तेच आतडे.

आता सरावाचा मुद्दा. एखादे औषध रोज घेतल्यावर त्याच मात्रेचा गुण कमी होत जातो, याला शास्त्रज्ञ ‘टॉलरन्स’ म्हणतात. आपल्या भाषेत, औषध अंगवळणी पडते. हे नेमके कुठे घडते? मनात, मेंदूत, की प्रत्येक पेशीत? १९७३ मध्ये अॅव्हरम गोल्डस्टीन आणि रुडिगर शुल्ट्झ यांनी आधी काही दिवस मॉर्फिन दिलेल्या गिनीपिगच्या आतड्याची पट्टी तपासली. ती सरावलेली निघाली. साध्या गिनीपिगच्या पट्टीला जेवढे मॉर्फिन पुरे, तेवढ्याने हिचे भागेना. एवढेच नव्हे, तर अशा सरावलेल्या पट्टीवर मॉर्फिनचा प्रतिकार करणारे नॅलोक्झोन टाकले, तर ती जोराने आवळते, असेही पुढच्या प्रयोगांत दिसले. मॉर्फिन एकाएकी बंद केलेल्या माणसाच्या पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात, त्याचेच हे छोटे रूप.

या प्रयोगाचा अर्थ फार मोठा आहे. आतड्याच्या पट्टीला ना मन, ना इच्छा, ना चारित्र्य. तरीही ती औषधाला सरावते आणि ते एकदम काढून घेतल्यावर तडफडते. म्हणजे औषधाचा सराव होणे आणि ते अचानक तोडल्यावर त्रास होणे हा पेशींचा धर्म आहे. त्यात माणसाचा दुबळेपणा नाही. व्यसन ही याहून वेगळी गोष्ट आहे. औषधाचा ध्यास लागणे, नुकसान दिसत असूनही ते घेत राहणे, त्यापायी बाकी सगळे विसरणे, याला व्यसन म्हणतात. वेदनेसाठी मोजून मॉर्फिन घेणाऱ्या आजोबांची मात्रा वाढवावी लागली, तर ‘त्यांना नाद लागला’ असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कर्करोगात मात्रा वाढवावी लागते, तेव्हा अनेकदा आजारच पुढे सरकलेला असतो.

पण इथे एक कोडे उभे राहते. आतडे मॉर्फिनला सरावते हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले, मग रुग्णाचे पोट महिनोन् महिने का तुंबलेले राहते? मॉर्फिन सुरू केल्यावर येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही. डॉक्टरांचा हा रोजचा अनुभव आणि प्रयोगशाळेतली पट्टी यांचा मेळ बसत नव्हता.

तो मेळ अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात हमीद अकबराली, विल्यम ड्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवला. आधीचे बहुतेक प्रयोग लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर झाले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या मंडळींनी उंदरांचे लहान आणि मोठे आतडे शेजारी शेजारी ठेवून तपासले. वारंवार मॉर्फिन दिल्यावर लहान आतडे सरावले. मोठे आतडे सरावले नाही. पहिल्या दिवशी मॉर्फिनने ते जसे मंदावत होते, तसेच नंतरही मंदावत राहिले. आणि मळातले पाणी शोषून त्याला बाहेर ढकलण्याचे काम तर मोठ्या आतड्याचेच! रस्त्याचा एक भाग मोकळा झाला, पण नाका बंदच राहिला, तर गाड्या पुढे जाणार कशा?

एकाच प्राण्याच्या, एकाच नळीच्या दोन भागांत हा फरक का पडावा? कुलपात किल्ली फिरली की मज्जापेशीच्या आत कामांची एक साखळी सुरू होते, आणि पेशी गप्प होते. ही साखळी सतत चालू राहिली तर पेशी स्वतःला सावरते. या सावरण्यात ‘बीटा-अरेस्टिन-२’ नावाचे एक प्रथिन महत्त्वाचे असते. ते कुलपाला चिकटते आणि त्याचा पुढचा कारभार ठरवते. वारंवार मॉर्फिन दिल्यावर लहान आतड्यात हे प्रथिन कमी झाले, मोठ्या आतड्यात तसे झाले नाही. पुढे, जन्मतःच हे प्रथिन नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले तेव्हा त्यांचे मोठे आतडेही मॉर्फिनला सरावले. गंमत अशी, की वेदनेच्या बाबतीत चित्र उलटे आहे. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा वेदनाशामक गुण लवकर कमी होत नाही, असे आधीच्या संशोधनात आढळले होते. एकच प्रथिन एका जागी सराव घडवून आणते, दुसऱ्या जागी तो रोखते. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे विसरून चालणार नाही. परंतु माणसांच्या बाबतीत डॉक्टर जे रोज पाहतात, त्याच्याशी ते नेमके जुळतात.

या कथेला २०१७ मध्ये आणखी एक वळण मिळाले. याच विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातले जीवाणू घटवले, तेव्हा मॉर्फिनच्या वेदनाशामक गुणाला ते उंदीर सरावले नाहीत. म्हणजे वेदनेवरच्या सरावाचे एक मूळ आतड्यातल्या जीवाणूंपर्यंत पोहोचत असावे. यावरून कोणी घरच्या रुग्णाला प्रतिजैविके देऊ नयेत. पण पोट आणि वेदना यांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे, एवढे खरे.

मेंदूला धक्का न लावता फक्त आतड्यावर काम करता येईल का, हा विचार औषधे बनवणाऱ्यांनी दोन्ही दिशांनी केला. जुलाबावर घेतले जाणारे लोपेरामाइड हे मॉर्फिनच्याच घराण्यातले आहे. नेहमीच्या मात्रेत त्याला मेंदूत शिरकाव मिळत नाही, म्हणून ते पोट बांधते, पण गुंगी आणत नाही. उलट्या दिशेची हकिकत अधिक हृद्य आहे. शिकागो विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ लिओन गोल्डबर्ग यांचा एक मित्र कर्करोगाने मृत्यूच्या दारात होता, आणि बद्धकोष्ठामुळे त्याने मॉर्फिन नाकारले होते. मॉर्फिनचा प्रतिकार करणारे, पण मेंदूत न शिरणारे औषध आतड्याला मोकळे करील आणि वेदनाशमन तसेच राहील, अशी कल्पना गोल्डबर्ग यांनी लढवली. त्यातून मिथाइलनॅलट्रेक्सोन हे औषध पुढे आले. १९८९ मध्ये गोल्डबर्ग वारले. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे चालवले आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला परवानगी मिळाली. एका मित्राच्या पोटाच्या तक्रारीपासून औषधाच्या दुकानापर्यंतचा हा प्रवास जवळजवळ तीस वर्षांचा होता.

अशी खास औषधे महाग असतात, आणि बहुतेक रुग्णांना त्यांची गरजही पडत नाही. गरज असते ती साध्या शिस्तीची. मोठे आतडे सरावणार नाही हे एकदा मान्य केले, की पोट तुंबण्याची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सारक सुरू व्हायला हवे, आणि मॉर्फिन चालू असेतो ते चालू राहायला हवे. आपल्या घरांत बद्धकोष्ठ म्हटले की हात आधी इसबगोलाच्या डब्याकडे जातो. इथे तो आखडता घेतलेला बरा. इसबगोल पाणी शोषून फुगतो. आतड्याची ढकलण्याची शक्तीच मंदावली असेल आणि अंथरुणावरचे माणूस पाणीही बेताचेच पीत असेल, तर तो फुगलेला गोळा अडचण वाढवू शकतो. सोनामुखीसारखी, आतड्याला चालना देणारी सारके या कामी अधिक उपयोगी पडतात. मळ मऊ ठेवणारे औषधही अनेकदा जोडीला देतात. कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पोट फुगून दुखत असेल आणि उलट्या होत असतील, तर सारकही त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आणखी एक फसवी गोष्ट. कित्येक दिवस तुंबलेल्या रुग्णाला एकाएकी पातळ जुलाब होऊ लागतात, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात किंवा जुलाब थांबवायची गोळी देतात. कठीण झालेल्या मळाच्या कडेने पाणी झिरपत असते, तेच जुलाबासारखे दिसते. अशा वेळी लोपेरामाइड देणे म्हणजे बंद दाराला दुसरे कुलूप लावणे! तसेच, कंटाळून मॉर्फिन एकदम बंद करू नये. आणि काही दिवस बंद पडलेच, तर जुनी मोठी मात्रा मनाने पुन्हा सुरू करू नये. मधल्या काळात श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूच्या केंद्राचा सराव उतरलेला असतो, आणि पूर्वी सहज सोसलेली मात्रा जिवावर बेतू शकते.

ही सगळी माहिती डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांत आहे. मग ती घराघरांत का पोहोचत नाही? मॉर्फिन हा शब्दच आपल्याकडे दीर्घकाळ कपाटात बंद होता, हे त्याचे एक कारण. वैध अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने तिची शेती होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कडक शिक्षा आणि परवान्यांचे जंजाळ यांच्या धास्तीने रुग्णालये आणि औषधविक्रेते मॉर्फिन ठेवीनासे झाले आणि त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन आणि १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली वेदना व परिहार सेवा संस्था यांनी वेगळी वाट दाखवली. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसह काही औषधांना ‘आवश्यक’ ठरवले आणि परवान्यांची गुंतागुंत कमी केली. कागदावरची अडचण कमी झाली. मनातली आणि दवाखान्यातली अजून पुरती गेलेली नाही.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीपासून या वर्गातली औषधे किरकोळ दुखण्यांसाठीही सढळ हाताने दिली गेली आणि त्यातून व्यसनाचे व मृत्यूंचे मोठे संकट उभे राहिले, हे खरेच आहे. तो इशारा आपण घेतलाच पाहिजे. पण अतिवापराच्या भीतीने मरणासन्न माणसाला वेदनेत ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. औषध कोणाला द्यायचे याबाबत काटेकोर राहावे, आणि ज्याला दिले त्याच्या पोटाची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी, या दोन्ही गोष्टी एकाच शहाणपणाच्या आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. मॉर्फिनची चिठ्ठी दोन ओळींची असावी : एक ओळ वेदनेसाठी, दुसरी आतड्यासाठी. दुसरी ओळ नसेल, तर घरच्यांनी ती मागून घ्यावी. ‘शेवटचं पोट कधी साफ झालं?’ हा प्रश्न डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत विचारावा, आणि त्याचे उत्तर देताना रुग्णाने लाजू नये. मुलाने वडिलांना किंवा सुनेने सासूबाईंना हे विचारण्यात मर्यादाभंग होत नाही. ती शुश्रूषाच आहे. एक साधी सोनामुखीची गोळी वेळेवर मिळाली नाही म्हणून कोणी आपले अखेरचे दिवस कण्हत काढावेत, हे आतड्याविषयी इतके ज्ञान हाती असलेल्या काळाला शोभणारे नाही.